डबल बेसवर पोट भरतं का?

प्रश्न विचारणारा वीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लिहितो: ‘लहानपणी आठ वर्षं व्हायोलिन शिकलो, पाचव्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या. आता कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. डबल बेसकडे, व्हायोलिनच्या कुळातल्या सगळ्यांत मोठ्या, खर्जातल्या वाद्याकडे, वळायचं आहे. पुण्यात राहून यावर पोट भरेल का? एकच शैली धरावी की मिळेल ते वाजवावं? आणि शिकवण्या घेणं हा वाजवण्यात जम न बसलेल्यांचा मार्ग असतो का?’

शेवटच्या वाक्याचा मला आधी राग आला आणि मग हसू आलं, कारण तुझ्या वयाची असताना मीही हेच म्हणायचे. त्याकडे नंतर येते.

पोट भरतं. मी पंचवीस वर्षं भरतेय. पण त्या ताटात भाकरी कुठली आणि भाजी कुठली ते आधी सांगते. आठवड्याला माझ्याकडे बावीस शिकवण्या असतात. त्यातले डबल बेसचे विद्यार्थी तीन. चार जण चेलो शिकतात, एक निवृत्त बँक मॅनेजर व्हायोला शिकतात (त्यांना ‘गर्दी नसलेलं काहीतरी’ हवं होतं) आणि उरलेले सगळे व्हायोलिन. ही भाकरी. कार्यक्रम ही भाजी. ती कधी चमचमीत असते, कधी नुसता ठेचा, आणि जून-जुलैत भाकरी कोरडीच खावी लागते.

पुण्यातलं आमचं वर्ष कॅलेंडरपेक्षा पंचांगावर चालतं. गणपतीचे दहा दिवस हातात उसंत नसते, आणि पितृपक्ष लागला की फोन मुका. मग नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट. डिसेंबरात कॅम्पातल्या चर्चमध्ये कॅरल्स आणि कॉयरबरोबर वाजवणं. जानेवारी-फेब्रुवारीत महोत्सव, कंपन्यांचे वार्षिक समारंभ, लग्नांच्या संध्याकाळी. मध्येच कोणाचं तरी रेकॉर्डिंग, एखाद्या नाटकाचं पार्श्वसंगीत, हॉटेलात जॅझ त्रिकूट. एकाच आठवड्यात मी मंगळवारी अभंग, गुरुवारी जॅझ आणि रविवारी हेंडेलचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवलेलं आहे. ही फुशारकी समजू नकोस. त्या आठवड्यात तिन्ही ठिकाणी मी शंभर टक्के तयार होते असं नाही.

फोन तुलाच का येईल? बेस गिटारवाले शहरात गल्लोगल्ली आहेत. पण स्वतःचा डबल बेस असलेला, गजानेही वाजवणारा, बोटांनीही छेडणारा, स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारा, नुसत्या कॉर्ड्सची नावं लिहिलेला चार्ट समोर ठेवला तरी न गडबडणारा आणि गायकाने ‘काळी चार’ (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी सा धरून) म्हटल्यावर ‘म्हणजे?’ न विचारणारा माणूस शोधायला निघालास तर एका हाताची बोटंही उरतील. वाद्य दुर्मिळ म्हणून सुपारी मिळते, आणि दुर्मिळ म्हणूनच कित्येक आयोजकांना ते सुचतही नाही. त्यांच्या मते कीबोर्डवाल्याचा डावा हात मोकळाच असतो.

ज्यांना सुचतं त्यातल्या काहींना ते फोटोपुरतंच सुचतं. एका कंपनीच्या समारंभात मला सांगण्यात आलं, ‘मॅडम, ट्रॅक वाजणार आहे, तुम्ही फक्त स्टेजवर छान दिसायचं.’ माईक नाही, पिकअपची (वाद्याला लावलेल्या, त्याचा आवाज उचलणाऱ्या यंत्राची) वायर नाही. मी चाळीस मिनिटं प्रामाणिकपणे सगळी गाणी वाजवली, ती फक्त मला आणि शेजारच्या ढोलकीवाल्याला ऐकू गेली. मध्यंतरात तो म्हणाला, ‘ताई, दुसऱ्या अंतऱ्यात तुमचा बेस ट्रॅकपेक्षा बरा होता.’ पाकीट मात्र त्या महिन्यातलं सर्वांत जाड मिळालं. मी ते घेतलं. तूही घेशील.

मुंबईचं विचारशील म्हणून सांगते. तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा आपल्याकडचा व्यावसायिक म्हणावा असा एकमेव मोठा ऑर्केस्ट्रा. तिथे परदेशातून आलेले वादक मोठ्या संख्येने असतात आणि बेसच्या जागा मोजक्याच. त्या भरवशावर आयुष्याचा आराखडा आखू नकोस, पण ऑडिशनला लागतं तेवढं मात्र नक्की तयार कर. बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीच्या तिसऱ्या भागात चेलो आणि बेस मिळून एका धावत्या तुकड्याची सुरुवात करतात. तो जगभर कुठल्याही ऑडिशनला विचारतात. नोकरी मिळो न मिळो, तो साफ वाजायला लागला की डाव्या हाताचे निम्मे दोष निघून गेलेले असतात.

आता शैलींचा प्रश्न. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका दिवाणखान्यात अभंगांच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. पखवाज, तबला, हार्मोनियम, टाळ, बासरी आणि संयोजकाच्या हौसेपायी मी. गायिका ज्येष्ठ, बोलायला गोड आणि धारदार. दोन अभंग झाले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तुमचा सा छान आहे हो. पण तो जातच नाही. मला सा घ्यायचाय, आणि तिथे आधीच कोणीतरी बसलंय.’

सगळे हसले, मीही हसले. मग पुढची तालीम हळू आवाजात वाजवली. त्यांचं समाधान झालं नाही. आणखी हळू वाजवलं. पखवाजवाले म्हणाले, ‘आहात का?’ कार्यक्रम पार पडला, पण पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. का, ते मला कळलं नाही. सूर बरोबर होते, ठेक्यात होते, आवाज मोठा नव्हता. मग बिघडलं काय?

उत्तर मिळालं सात-आठ महिन्यांनी, तेही आठ वर्षांच्या एका मुलीकडून. ती माझ्याकडे व्हायोलिन शिकायची. तिचा प्रत्येक सूर शेवटी ‘टक्’ असा तुटायचा, कारण गज थांबायच्या आत ती तो तारेवरून उचलायची. मी तिला सांगत होते, ‘कपबशी टेबलावर कशी ठेवतेस, तसा सूर ठेव. टाकू नकोस.’ तिला साथ म्हणून मी बेसवर साधे सूर छेडत होते. ती थांबली, माझ्या तारेकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ताई, तुम्ही तर ठेवतच नाही. तुमचा नुसता वाजतच राहतो.’

साठीतली गायिका आणि तिसरीतली मुलगी, दोघींची तक्रार एकच. मी सूर सुरू कुठे करायचा एवढंच शिकले होते. तो संपवायचा कुठे, याचा विचार मी वीस वर्षांत कधी केला नव्हता. पोलादी तार छेडली की ती काही सेकंद गुणगुणत राहते. मी ती तशीच सोडून द्यायचे आणि पुढचा सूर छेडला की आधीचा आपोआप मरायचा. म्हणजे माझे सूर मी संपवत नव्हतेच, पुढच्या सुरांकडून ते काम करून घेत होते.

तुला मी सांगणार आहे ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. बेसवाल्याची शैली बदलते ती मुख्यतः सुराच्या शेवटाशी.

अभंगात पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते. त्याचा घुमारा आणि तुझ्या खालच्या दोन तारा एकाच मजल्यावर राहतात. तबल्याचा डग्गा तर मींडसुद्धा घेतो. तिथे तुझा सूर लांबला की दोघांचा मिळून चिखल होतो. म्हणून समेवर सूर दे आणि पुढच्या मात्रेच्या आत डाव्या हाताचं बोट सैल करून तो मिटव. बोट उचलायचं नाही, नाहीतर रिकामी तार बोलते. फक्त दाब काढायचा, बोटाचा स्पर्श तारेवर राहू द्यायचा. मग गायकाला त्याच्या सा साठी जागा मोकळी मिळते. लावणीत तर आणखी आखूड. ढोलकी भरात आली की मी दोन मात्रा चक्क गप्प बसते.

जॅझमध्ये नेमकं उलटं. चार मात्रांना चार सूर, ज्याला वॉकिंग म्हणतात, त्यात प्रत्येक सूर पुढच्या सुराच्या उंबरठ्यापर्यंत पोचला पाहिजे. मध्ये फट राहिली की चाल लंगडते. रे ब्राउन किंवा पॉल चेंबर्स या जॅझ बेसवादकांना ऐकताना त्यांच्या सुरांच्या निवडीकडे सगळेच कान लावतात. तू एकदा फक्त दोन सुरांमधला सांधा ऐक. अभंगातून उठून जॅझला गेले की पहिली दहा मिनिटं माझा हात सूर मिटवायला धावतो आणि ड्रमवाला भुवया उंचावतो. त्यासाठी मी गाडीतून उतरण्याआधी एक चाल तोंडाने म्हणून घेते, लांब सुरांची. पार्किंगमधले वॉचमन आता सवयीचे झालेत.

ऑर्केस्ट्रात सूर गजाने संपतो, आणि तो सहा-आठ जणांचा मिळून एकच संपला पाहिजे. शिवाय जाड तार बोलायला वेळ घेते, म्हणून कंडक्टरची काठी पडल्यावर वाजवलास तर उशीर झालेलाच असतो. गज आधीच तारेवर चिकटलेला हवा. ‘बेस मागे पडतायत’ हे वाक्य तू आयुष्यभर ऐकशील. निम्म्या वेळा ते खरं असतं.

हे सगळं एका माणसाला जमतं का? जमतं, पण सारखं नाही. एक घर पक्कं बांध, बाकीकडे पाहुणा म्हणून जा. माझं घर गजाचं, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय. जॅझमध्ये मी बरी आहे. चांगले जॅझवाले मला बोलावतात ते मी वेळेवर येते आणि वाचू शकते म्हणून, हे मला ठाऊक आहे. एडगर मायर (डबल बेस), बेला फ्लेक (बँजो) आणि झाकीर हुसेन यांचं एकत्र वाजवणं ऐकलंस तर मायरचा बेस तबल्याच्या वाटेत कुठेच येत नाही हे लक्षात येईल. पण त्या माणसाचं घर आधी किती पक्कं आहे तेही बघ.

शास्त्रीय आणि उपशास्त्रीय गायनाच्या साथीबद्दल एक खास गंमत सांगते, कारण हे कुठल्या परदेशी शिक्षकाने तुला सांगितलं नसतं. आपल्या वाद्याच्या रिकाम्या तारा खालून वर ई, ए, डी, जी, तुझ्या बेस गिटारसारख्याच. आता पुरुष गायक बऱ्याचदा गातात त्या काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्पला षड्ज धरून, हे सूर मांडून बघ. ई होतो कोमल गंधार, ए कोमल धैवत, डी कोमल ऋषभ आणि जी तीव्र मध्यम. म्हणजे तोडीचे सगळे विकृत (कोमल-तीव्र) स्वर रिकाम्या तारांवर, आणि षड्ज-पंचमाचा पत्ता नाही! पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा वाटलं, चला, तोडी तरी सोपी झाली. झाली कसली. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही उतरलेला लागतो, आणि रिकामी तार वाजवताना खाली उतरवता येत नाही. म्हणजे त्या तारा असून नसल्यासारख्या.

उपाय असा की चारही तारा अर्धा सूर उतरवायच्या. मग त्या होतात रिषभ, पंचम, षड्ज, मध्यम. पण हे स्टेजवर ऐन वेळी करू नकोस. तारेला नव्या ताणावर स्थिरावायला वेळ लागतो, आणि पहिल्या गाण्यात ती हळूच सरकते. मी आदल्या रात्री उतरवून ठेवते. बायकांपैकी कोणी पांढरी पाच म्हटलं तर देव पावला: जी षड्ज, डी पंचम, ए रिषभ, ई धैवत, सगळं हाताशी.

सूर लावायला मोबाईलमधला ट्यूनर वापरत असशील. खालच्या ई ची कंपनं सेकंदाला साधारण ४१. फोनचा माईक तिथे चाचपडतो आणि काटा भलतीकडे नाचतो. तारेच्या बरोबर मध्यावर हलकं बोट ठेवून हार्मोनिक वाजव, म्हणजे वरच्या सप्तकातला ई येईल आणि काटा शहाण्यासारखा वागेल. विद्यार्थी मला व्हॉट्सॲपवर रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवतात तेव्हाही हीच अडचण. फोनच्या स्पीकरमधून मूळ सूर येतच नाही, त्याचे वरचे अंश तेवढे ऐकू येतात. हेडफोन लावून ऐकायचं.

आता तुझ्या हातांबद्दल. व्हायोलिनवर नटाजवळचा (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळचा) अर्धा सूर म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. बेस गिटारवर तेच अंतर पाचच्या आसपास. डबल बेसवर तारेची लांबी १०५ सेंटिमीटरच्या घरात असते आणि अर्ध्या सुराला सहा सेंटिमीटर लागतात. एक पूर्ण सूर म्हणजे जवळजवळ अर्धी वीत. म्हणून खालच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट एवढीच वापरतात, तिसरं चौथ्याच्या मदतीला. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या फ्रान्झ झिमांडलने घालून दिलेली ही पद्धत आजही बहुतेक जण शिकवतात, मीही. व्हायोलिनने तुला गज आणि कान दिलेत, बेस गिटारने नकाशा दिला. पण हात तुला कोणीच दिलेला नाही. तो नव्याने घडवावा लागेल, आणि व्हायोलिनवाल्याला चार बोटांतलं एक परत करताना जीवावर येतं. पहिले सहा महिने तुझा सूर बेसूर असेल आणि तुला तो ऐकू येईल, कारण कान पाचव्या ग्रेडचा आणि हात पहिलीचा. त्या सहा महिन्यांत बरेच जण सोडतात.

गज फ्रेंच पद्धतीने धरायचा की जर्मन? जो शिक्षक मिळेल त्याचा.

शिकवण्याकडे येते. माझे गुरू कॅम्पातले, मूळचे गोव्याचे. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. चर्चच्या शाळेत सूर वाचायला शिकलेले, तरुणपणी मुंबईत फिल्मच्या रेकॉर्डिंगला वाजवलेले. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा भरणा होता तो त्यांच्या या वाचनामुळे, आणि ते अंकलना पक्कं ठाऊक होतं. मला म्हणायचे, ‘रीड कर, बाय. जो वाचतो तो खातो.’ ते शिकवायचे, पण का ते करायचं हे सांगायचे नाहीत. ‘असं कर’ म्हणायचे आणि वाजवून दाखवायचे. मीही तसंच वाजवायला शिकले, आणि म्हणूनच माझे सूर का संपत नाहीत हे मला कळलं नाही. त्यांच्या काळात तारा आतड्याच्या असायच्या, त्या आपोआप लवकर विझायच्या. अंकलना सूर मिटवायची वेगळी युक्ती शिकवायची गरजच पडली नव्हती. मी पोलादी तारा लावल्या आणि हात तोच ठेवला.

दुसऱ्याला शिकवायला बसलं की ‘असं कर’ पुरत नाही. मुलगी विचारते का, तिची आई विचारते का, बँक मॅनेजर तर वहीत लिहून आणतात का. उत्तर शोधताना आपल्याच हाताकडे बघावं लागतं. त्या अभंगांच्या गायिकेने मला तीन वर्षांनी पुन्हा बोलावलं. काय बदललं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिसरीतल्या त्या मुलीची फी मात्र मी तेव्हाही घेत होते, याची मला अजून थोडी लाज वाटते.

शिकवण्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुण्यात पालकांना ग्रेड हवी असते. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ग्रेडच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था, दोन्हींचे डबल बेसचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा वाईट नाहीत, वर्षभर काहीतरी धरून ठेवायला त्या बऱ्या. पण तीन तुकडे घोटून ग्रेड मिळवलेलं मूल बाकी काहीच वाजवू शकत नाही असं दर वर्षी बघते. माझा नियम आहे की परीक्षेच्या तुकड्यांना तासातली शेवटची वीस मिनिटं. यावरून काही पालक सोडून गेले. आणखी एक: लहान मुलांना डबल बेस शिकवायचा तर छोटं वाद्य लागतं, आणि इथे ते दुकानात सहज मिळत नाही. माझ्याकडे एक पाव मापाचं आहे, ते एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात राहतं. मोठ्यांचं म्हणून जे विकतात तेही खरं तर पाऊण मापाचंच असतं. पूर्ण मापाचं क्वचित कोणी वाजवतं, त्यामुळे ‘थ्री-फोर’ वाचून दुकानदार फसवतोय असं समजू नकोस.

वाद्याचा खर्च. तुझ्यासारख्याने प्लायवूडचं घ्यावं, कोरीव लाकडाचं नाही. आवाज थोडा बोथट, पण पुण्याची हवा सोसतं. इथे मार्च ते मे लाकूड सुकून आकसतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी पिऊन फुगतं. कोरीव वाद्याची वरची पाटी या ओढाताणीत चिरते. तारांचा परदेशी संच मागच्या वेळी मला वीस हजारांच्या आसपास पडला. मी तो चार-पाच वर्षं पुरवते. गजाला लावायचं रोझिन बेससाठी मऊ असतं. एप्रिलमध्ये गाडीत विसरलास तर संध्याकाळी डबीत काकवी मिळेल. वाद्य रिक्षात बसत नाही. एका रिक्षावाल्याने ‘मान बाहेर काढून घेऊ’ असं सुचवलं होतं, तेव्हा मान वाद्याची की माझी ते मी विचारलं नाही. छोट्या गाडीत पुढची सीट पूर्ण मागे पाडली की बसतं, फक्त मग शेजारी कोणी बसत नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावतं का ते घर भाड्याने घेण्याआधी बघून घे. मी पाहिलं नव्हतं. तिसरा मजला, आठ वर्षं.

इंजिनिअरिंग सोडू नकोस. हे मी तुझ्या बाबांच्या बाजूने बोलत नाही. वाद्य, पिकअप, ॲम्प्लिफायर आणि पहिली दोन कोरडी वर्षं यांना पैसे लागतात आणि ते पगारातून येतात. शनिवार-रविवार आणि सकाळचे दोन तास पुरतात. पंचविशीत ठरव.

शेवटी एक देवाणघेवाण. माझा पहिला बेस अजून घरात आहे. एका मे महिन्यात त्याच्या वरच्या पाटीचा कडेचा सांधा उकलला होता. बेस-व्हायोलिनचे सांधे सरसाने चिकटवतात, आणि मुद्दाम कच्चे ठेवतात, म्हणजे लाकूड आकसलं की सांधा सुटावा आणि पाटी वाचावी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवसांवर कार्यक्रम होता. ओळखीच्या सुतारकाकांकडे नेला, त्यांनी मायेने सुतारकामाचा पांढरा गोंद भरला, शिकंजे लावले आणि पैसेही घेतले नाहीत. सांधा असा पक्का बसला की पुढच्या मे मध्ये तो सुटलाच नाही, त्याऐवजी पाटीला वीतभर तडा गेला. तडा आतून पट्ट्या लावून सांधून घेतला आहे. जी तारेवर वरचा सी वाजवला की किंचित घरघरतं, बाकी ठीक आहे. दर महिन्याचं भाडं नाममात्र, तारा बदलायच्या झाल्या तर तुझ्या. सोमवारी सकाळी शिकवण्या नसतात. डाव्या हाताची नखं कापून ये, आणि खाली नेताना पायांकडून धरायला एक मित्र आण. लिफ्ट अजूनही छोटीच आहे.